खांबाजवळच्या खुर्चीबाबत

मी खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, आणि गेली सव्वीस वर्षं दर रविवारी दुपारी तीन ते सात या वेळेत टँगोच्या नाचासाठी गाणी लावणारा, वय वर्षे बहात्तर, हे माझ्या स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नाही असं वकीलसाहेबांनी सांगितलं. मी कुणाच्या धाकानं लिहीत नाही, कुणाच्या गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही, आणि औषधाच्या गुंगीतही लिहीत नाही. सकाळची गोळी घेऊन दोन तास झालेत आणि समोर चहा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलसाहेबांनी एक छापील नमुना दिला होता, त्यात रिकाम्या जागा भरायच्या होत्या. माझ्या रिकाम्या जागा त्यांत मावेनात, म्हणून कोरे कागद घेतले.

माझ्या मागे एकच वारस आहे, माझी मुलगी. लहानपणी एका जागी उभी राहत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायचो. आता ती अडतीस वर्षांची आहे, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, तरी माझ्या तोंडी तेच बसलंय. एके काळी ती आईबरोबर नवशिक्यांचा वर्ग घ्यायची. गेली सहा वर्षं ती आमच्या हॉलचा जिना चढलेली नाही. माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. महिन्यातून एकदा फोन येतो. "गोळ्या घेताय ना?" "घेतोय." "बरं." एवढ्या दोरीवर आमचं नातं वाळत घातलंय.

हे मृत्युपत्र कुणीही वाचावं, पण लिहिलंय तिच्यासाठी. सहा वर्षांपूर्वी ती एक गोष्ट बोलली आणि मी तिला चारचौघांत खोटं पाडलं. त्याचा निकाल सातव्या कलमात आहे. भिंगरे, तू पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी आहेस. या खेपेला तसं करू नकोस.

कलम पहिले. राहतं घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, हे सगळं माझ्या कष्टाचं असून त्यावर कुणाचा बोजा नाही. इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर मी दुसऱ्यांना वरखाली नेलं आणि स्वतः जिने चढलो. शेजारच्या आजी म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." हे घर संपूर्णपणे मुलीला. तिनं राहावं, भाड्यानं द्यावं, विकावं, माझी कुठलीही अट नाही. फक्त स्वयंपाकघराची फरशी एकदा हात लावून बघावी. ओट्यापासून दारापर्यंत आठ पावलं होतात. तिसऱ्या पावलाशी, जिथे तिची आई वळायची, तिथे टाचेनं फरशी झिजलीय. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर कळतं. गॅसवर दूध ठेवून आम्ही तिथे सराव करायचो. दूध बहुतेक वेळा उतूच गेलं.

तिच्या आईला सगळा हॉल 'बाई' म्हणायचा. मीही हॉलमध्ये बाईच म्हणायचो, घरी नुसतं 'अगं'. इथे लिहितानाही बाई असंच लिहितो. त्यानं रडू जरा लांब राहतं.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलीला. बाईंच्या बांगड्या आणि कानातलं तिच्याकडेच आहे, ते तिचंच. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कलम तिसरे. हत्यारं. पत्र्याची पेटी, तिच्यातले पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी आणि टॉर्च. ही पेटी माझ्या भाग्याची आहे. बाई तेव्हा एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नाच शिकवायच्या. त्या हा नाच आपल्या मावशीकडून शिकल्या होत्या, आणि मावशी प्रवासी जहाजावर कामाला असताना. नाच अर्जेंटिनाचा, आमच्यापैकी कुणी ते अर्जेंटिना पाहिलेलं नाही. तर त्या इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून मला पाठवलं. मी खालच्या खड्ड्यात उतरलो आणि वरून, त्या विहिरीसारख्या पोकळीतून, एका भात्याच्या वाद्याचा आवाज खाली आला. माणसानं दमून श्वास घ्यावा तसा. दोन तासांचं काम मी अकरा दिवस पुरवलं. मुकादम म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करतोयस की तिच्याशी लग्न लावतोयस?" अकराव्या दिवशी मी वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो. हात कोळशासारखे. बाईंनी वर्ग थांबवला नाही, नुसतं म्हणाल्या, "फडका तिकडे आहे. पुसा आणि या." पुसले आणि गेलो.

पेटी मुलीला. तिला लहानपणापासून खोलून बघायची सवय. भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं, पुन्हा लावल्यावर तीन स्क्रू उरले आणि तरी ते चालत राहिलं. पेटीत लांब नाकाची पकड सापडणार नाही. ती वीस वर्षं हॉलखालच्या दुकानातल्या शिंपीकाकांकडे आहे. "उद्या देतो" म्हणून नेली होती. शिंपीकाका या मृत्युपत्राचे साक्षीदार होणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून ती पकड मी त्यांना देत नाही. ती त्यांच्याकडे आहे एवढंच नोंदवतो.

कलम चौथे. गाणी. सगळ्या तबकड्या, दोन संगणक, हार्ड डिस्क, आणि माझ्या हस्ताक्षरातल्या अकरा वह्या, हे पोस्टात काम करणाऱ्या चष्मेवालीला द्यावं. तीन वर्षं ती माझ्याकडे हे काम शिकतेय. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं होतंय की नाही हे बघायची जबाबदारीही तिच्यावरच टाकतो. टपाल पोचवायची तिला सवय आहे.

ज्यांना आमचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रविवारच्या आमच्या नाचाला मिलोंगा म्हणतात. त्यात गाणी सुटी लागत नाहीत. एकाच वाद्यवृंदाची, एकाच वळणाची चार गाणी ओळीनं लागतात, त्याला तांडा म्हणतात. तांडाभर जोडी तीच. मग अर्धा मिनिट भलतंच काहीतरी वाजतं, त्याला मी पडदा म्हणतो. पडद्यात लोक आपापल्या खुर्चीवर परततात आणि पुढच्या तांड्यासाठी जोडीदार शोधतात. दुपारभरात असे अठरा तांडे.

चष्मेवालीसाठी सूचना. तुला रडकी गाणी फार आवडतात. चार वाजता माणसं रडवू नयेत. तेव्हा त्यांची पोटं भरलेली असतात, त्यांना चालवावं. रडवायचं ते सहानंतर. दुसरं, एखादा तांडा पडला आणि कुणीच उठलं नाही तर गाण्याला दोष देऊ नये, आधी पंखा बघावा. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. गाणी लावणाऱ्यानं स्क्रीनकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघायचं असतं. कोण तीन तांडे बसून आहे, कुणाचा घोटा दुखतोय, कोण कुणाला टाळतंय, हे ज्याला दिसत नाही त्यानं घरी बसून गाणी ऐकावीत. मला टेबलावरून सगळं दिसतं. हे वाक्य ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

कलम पाचवे. दाढीवाला. हा मूळचा आमचा विद्यार्थी. बाईंनी त्याला चालायला शिकवलं, म्हणजे अक्षरशः. पहिले चार महिने तो खुर्चीला धरून नुसता चालत होता. नऊ वर्षांपूर्वी त्यानं नदीपलीकडे स्वतःची मिलोंगा काढली. काढावी, पण त्याच वारी, त्याच वेळी. आमची अकरा माणसं गेली. वर माझे तांडे जसेच्या तसे, त्याच क्रमानं लावू लागला. नक्कल करायची तर माझ्या चुका तरी वगळायच्या. मी त्याला भर बाजारात गाणीचोर म्हणालो. दोघांच्याही हातात भाजीच्या पिशव्या होत्या. तो म्हणाला, "काका, गाणी तुम्ही तरी कुठे लिहिलीत?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आलो.

पण बाई गेल्या त्या आठवड्यात त्यानं आपला नाच बंद ठेवला आणि सगळी माणसं घेऊन आमच्याकडे आला. वर जागा नव्हती. ते जिन्यातच उभे राहिले, एकेका पायरीवर एकेक जण, तासभर. म्हणून माझे दोन मोठे स्पीकर त्याला द्यावेत. डावा मधूनच घरघरतो. तो दुरुस्त न करता द्यावा. एवढा राग मी ठेवून घेतो.

कलम सहावे. हॉलमधलं सामान. हॉल भाड्याचा आहे, आतलं सामान माझं. चौतीस खुर्च्या, दोन उभे पंखे, भिंतीवरचा आरसा, माईक, टेबल आणि टेबलावर घालायचं पांढरं कापड, हे रविवारच्या मंडळींना सामाईक. खांबाजवळची खुर्ची यातून वगळली आहे, तिचं पुढे येईल.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आमच्याकडे बोलायला बंदी आहे, कारण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे. लाकडी जमिनीला खिडकीकडे दोन बोटं उतार आहे. नवख्यांना वाटतं आपलंच चुकतंय. बाई त्यांना पहिल्या दिवशीच सांगायच्या, "खिडकीकडे जाताना घाई करू नका, तिथे जमीनच घाई करते." आता वर्ग कोणीही घेवो, हे वाक्य नवख्यांना पहिल्या दिवशी सांगितलं जावं. फार लोकांनी विनाकारण स्वतःला दोष दिलाय.

कलम सातवे. आता बाई म्हणून भागणार नाही. ती माझी बायको होती.

या नाचात तोंडानं कुणी कुणाला विचारत नाही. आपल्या खुर्चीवरून, हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला, ज्याच्याबरोबर नाचायचंय त्याच्याकडे बघायचं. त्यानं बघितलं आणि मान हलवली, की उठायचं. त्यानं नजर वळवली तर तेच उत्तर. कुणाला ऐकू जात नाही, कुणाचा पाणउतारा होत नाही, आणि कुणी कारण विचारत नाही. माणसाचा मान राखणारा इतका साधा नियम मी दुसरीकडे पाहिला नाही. म्हणून तो मोडता येतो तोही फार साधेपणानं.

आमच्या दोघांचा एक नेम होता. रविवारचा शेवटचा तांडा आमचा. मी माईकवर "शेवटचा तांडा" असं सांगायचो, चार गाणी ओळीनं लावून ठेवायचो, हेडफोन काढायचो आणि खांबाकडे बघायचो. खांबाजवळच्या खुर्चीतून माझं टेबल सरळ समोर दिसतं, म्हणून ती खुर्ची तिची. बाकी त्या खुर्चीत विशेष काही नाही, उलट एक पाय किंचित आखूड आहे. नवराबायको असून आम्ही एकमेकांना गृहीत धरलं नाही. दर रविवारी ती बघायची, मी मान हलवायचो, मग ती उठायची. वीस वर्षं.

मग ती आजारी पडली. आठ महिने तिचा नाच बंद होता. एका रविवारी भिंगरी तिला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन आली. बावीस पायऱ्या, मध्ये दोनदा टेकून. मला वाटलं, नुसती ऐकायला आली. शेवटच्या तांड्याआधी पडदा लागला तेव्हा पाहिलं, तर तिनं पिशवीतून नाचाचे बूट काढले होते आणि घालत होती. पट्टे लावायला तिला अख्खा पडदा पुरला नाही.

मी "शेवटचा तांडा" म्हणालो. पहिलं गाणं लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी हेडफोन कानाला लावले आणि स्क्रीनमध्ये मान घातली. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, चौथं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खिडक्या उघडल्या.

खुर्च्या गोळा करता करता भिंगरी टेबलाशी आली. मंडळी आजूबाजूलाच होती.

"बाबा, आई चार गाणी तुमच्याकडे बघत होती."

"मला नाही दिसलं."

"तुम्हाला त्या टोकाला कुणाच्या बुटाचा पट्टा सुटलेला दिसतो. आई दिसली नाही?"

"हेडफोन होते ना कानाला. पुढच्या रविवारचं एक गाणं ऐकत होतो. तू पण ना, कशाचं काय करतेस."

माझी बायको खांबाजवळून म्हणाली, "अगं, सोड. नसेल दिसलं त्यांना. कामात होते."

घरी आल्यावर मी तिच्या पायांतले बूट काढले. पाय सुजले होते, पट्ट्यांचे वळ उठले होते. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "गाणी छान लावलीत आज."

एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

नंतर तिचं कपाट आवरताना भिंगरीनं पुन्हा विचारलं. "खरं सांगा बाबा. मी काही म्हणणार नाही." मी घडी घालत तेच सांगितलं, दिसलं नाही. तिनं हॉलची किल्ली कपाटाच्या फळीवर ठेवली. म्हणाली, "मग मला नका बोलावू तिथे. मला तिथे तेच दिसत राहणार, आणि तुम्हाला काहीच दिसलेलं नसणार."

ती का येत नाही असं मंडळींनी विचारलं की मी म्हणायचो, पोरीचा गैरसमज झालाय, हट्टी आहे, आईवर गेलीय. ते हळहळायचे. कुणी माझ्यासाठी डबा आणायचं, कुणी खांद्यावर हात ठेवायचं. सहा वर्षं मी ती हळहळ खाल्ली, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला हट्टीपणा आला.

तरी मी पूर्ण शुद्धीत, शपथेवर लिहितो की मला दिसलं होतं. पहिल्या गाण्याच्या पहिल्या सुराला दिसलं होतं.

त्या सकाळी मी तिला आंघोळ घातली होती. पाठ पुसताना, नाचताना जिथे माझा उजवा हात असायचा बरोबर त्या जागी, हाताला नुसती हाडं लागली. घरात आम्ही तिघंही तेव्हा "बरं वाटेल" हेच बोलत होतो. या नाचात हाताला खोटं बोलता येत नाही, जवळ घेतलं की समोरच्याला सगळं कळतं. तिला कळलं असतं की मी आशा सोडलीय. तिला ते कळू नये म्हणून मी उठलो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण कारण याहून लहान आहे. मला भीती वाटली. चाळीस माणसांच्या देखत माझा बांध फुटेल, याची भीती. तिला बावीस पायऱ्या चढायची वाटली नाही, ती मला दहा पावलं चालायची वाटली.

तिसऱ्या गाण्याला मी दोन्ही हात टेबलावर टेकले. अर्धा उठलोही. मग वाटलं, आता गेलो तर आधीच्या दोन गाण्यांचं काय सांगू? आणि बसलो. चौथ्या गाण्यात वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या बुटांकडे बघत होती.

भिंगरे, मागच्या महिन्यात मी अवेळी फोन केला होता तो हे सांगायला.

"बोला बाबा. काय झालं?"

"काही नाही. टाकी गळतेय."

"वॉशर बदला."

"हो. बदलतो."

"गोळ्या?"

"घेतोय."

टाकी गळत नव्हती.

सबब मी जाहीर करतो की माझी मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं बोलत होतो. ती हट्टी नाही. तिचा कसलाही गैरसमज झाला नव्हता. हे कलम ~~माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या रविवारी~~, नाच सुरू होण्याआधी, ~~चष्मेवालीनं~~ माईकवरून संपूर्ण वाचावं. ज्यांच्यासमोर तिला खोटं पाडलं, त्यांच्याचसमोर.

कलम आठवे. चार गाणी, बूट आणि खुर्ची. त्या दिवशीची ती चार गाणी मी पुन्हा लावलेली नाहीत. जुनी मंडळी अधूनमधून विचारतात, मी फाइल बिघडलीय असं सांगतो. फाइल ठणठणीत आहे. चारही गाणी मुलीच्या मालकीची. तिनं ती ऐकावीत, पुसून टाकावीत किंवा चष्मेवालीला लावायला सांगावीत. तिच्या परवानगीशिवाय ती हॉलमध्ये वाजू नयेत.

बूट कपाटात खालच्या फळीवर, पिशवीत आहेत. तळवे तीनदा बदललेले. आईचं आणि तिचं माप एकच आहे. मी काही सुचवत नाही, माप एक आहे एवढंच लिहितो.

खांबाजवळच्या खुर्चीवर मी सहा वर्षं माझी पिशवी ठेवत आलोय, कुणी बसू नये म्हणून. ते आता बंद करावं. खुर्ची इतर खुर्च्यांत मिसळावी आणि आखूड पायाखाली पुठ्ठा घालावा.

भिंगरी कधी हॉलमध्ये आली तर कुणी तिला कवेत घेऊ नये, कुणी समजावू नये, 'ये ये' करू नये. तिला हवी तिथे बसू द्यावं. नाचायला बोलवावंसं ज्याला वाटेल त्यानं नियमाप्रमाणे लांबून बघावं. तिनं नजर वळवली तर तिचं उत्तर मिळालं असं समजावं. नजर वळवण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तिच्याकडून तो कुणी हिरावून घेऊ नये, मी तर मुळीच नाही.

इथे मृत्युपत्र संपणार होतं. सहीच्या आधी जे झालं ते याच कागदावर लिहितो, कारण दुसरा कागद आणायला खाली जावं लागेल.

आज रविवार. दोन्ही साक्षीदार, शिंपीकाका आणि दर रविवारी नाचायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई, दोन वाजताच हॉलवर आले. खरं तर साक्षीदारांनी सही तेवढी बघायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हटलं, वाचा. शिंपीकाकांनी चष्मा लावून सातवं कलम वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "अरे, मला ठाऊक होतं हे."

"काय ठाऊक होतं?"

"त्या दिवशी मी तुझ्या टेबलाशेजारी बसलो होतो. हेडफोनची वायर खाली लोंबत होती. कशालाच लावलेली नव्हती."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू इतका मन लावून ऐकत होतास. म्हटलं, ऐकू दे."

"आणि पोरगी एकटी पडली तेव्हा?"

शिंपीकाकांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत होते.

मी उठलो. खांबाजवळच्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ती हेडफोनची वायर काढून टेबलावरून खाली सोडा जरा. त्यांनी सोडली.

तिथून दिसते. टेबलाचं पांढरं कापड, त्यावर काळी वायर, आणि टोकाची पितळी पिन जमिनीपासून वीतभर वर, हळूहळू हलत असलेली. मी चष्मा काढून पाहिलं. तरी दिसते. माझ्या बायकोला तर लांबचं माझ्याहून चांगलं दिसायचं.

"नसेल दिसलं त्यांना," असं ती म्हणाली होती.

मग त्याच खुर्चीत बसून मी कागद मांडीवर घेतले.

तरी पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. सातव्या कलमातले 'माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या रविवारी' हे शब्द खोडले असून त्या जागी 'येत्या रविवारी' असं वाचावं. 'चष्मेवालीनं' हा शब्दही खोडला आहे. वाचणार मी. दोन्ही खोडांपाशी साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे. आज नाच सुरू होण्याआधी मी मुलीला फोन करून सातवं कलम आधी तिला वाचून दाखवणार आहे. टाकीचं काही बोलणार नाही. तिनं मध्येच फोन ठेवला तर तेही तिचं उत्तर समजेन, आणि रविवारी माईकवर वाचायचं ते वाचेनच.

हे मी लिहिलं, पुन्हा वाचलं, मला मान्य आहे.

सही: गाणी लावणारा, भिंगरीचा बाप

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही:

साक्षीदार पहिला: शिंपीकाका, हॉलखालचं दुकान. (वर लिहिलेलं हेडफोनचं खरं आहे. मी तेव्हाच पोरीच्या बाजूनं बोलायला हवं होतं. पकड उद्या देतो.)

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई, दर रविवारी नाचायला येणारी. (सही करताना यांचं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. नाडी जलद होती.)

ठिकाण: जिन्यावरचा हॉल, खांबाजवळची खुर्ची.

दिनांक: ऑक्टोबरचा दुसरा रविवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. फोन समोर आहे.